पट्टीखालची सुतळी

आमच्या जेवणाच्या टेबलाच्या चारही पायांपाशी जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीचे काटकोन आहेत. घरी येणारे जर्मन पाहुणे ते बघतात आणि समजूतदारपणे मान हलवतात. त्यांना वाटतं, भारतात असंच असतं. भारतातून आलेले पाहुणेही तशीच मान हलवतात. त्यांना वाटतं, जर्मनीत असंच असतं. आम्ही कुणालाच खरं सांगत नाही. ते सांगायचं तर माझा गाढवपणा सांगावा लागतो, आणि तो जेवणाआधी सांगण्यासारखा नाही.

ते काटकोन काकांचे.

काका म्हणजे कुणाचेच काका नव्हेत. पण डार्मश्टाटच्या आमच्या मराठी मंडळात सत्तरी ओलांडलेला पुरुष आपोआप काका होतो. "मी तुमच्यापैकी कुणाच्याही बापाचा भाऊ नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. त्यावर सगळे एका सुरात "हो काका" म्हणाले. तो विषय तिथेच संपला.

मूळचे मिरजेचे. आर्किटेक्चर शिकायला अमेरिकेत गेले, पहिल्याच हिवाळ्यात एका थिएटरच्या सुतारखान्यात शिरले, कारण तिथे हीटर चालू होता, आणि चाळीस वर्षांनी बाहेर पडले. नेपथ्यकार. मला वाटायचं, अमेरिकेतलं नाटक म्हणजे न्यूयॉर्क. काकांनी माझा गैरसमज दूर केला. देशाच्या मधल्या भागात, मक्याच्या शेतांना लागून जी शहरं असतात, त्यांतही एकेक थिएटर असतं. वर्षाला सहा नाटकं, प्रत्येक चार आठवडे. एक विनोदी, एक खुनाचं, एक आयरिश, डिसेंबरात नाताळचं, आणि उरलेल्या दोनांत एक घर असतं ज्यात सगळी माणसं एकमेकांवर ओरडतात. ती सगळी घरं काकांनी बांधली.

"काका, न्यूयॉर्कला कधी गेला नाहीत?" मी विचारलं होतं.

"गेलो की. एकदा."

"कुठल्या नाटकासाठी?"

"दाताच्या डॉक्टरकडे."

त्यांच्या आयुष्याचं कॅलेंडरच वेगळं होतं. सालं त्यांना आठवत नसत, सेट आठवत. "मुलगी झाली तेव्हा मी आयरिश स्वयंपाकघरात होतो." "ग्रीन कार्ड आलं तेव्हा माझ्याकडे वकिलाचं ऑफिस होतं, हिरवा दिवा असलेलं." बायको गेली ते एकदाच बोलले. "ती गेली तेव्हा माझ्याकडे जिना होता," एवढंच. कसला जिना, किती पायऱ्यांचा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी मात्र थोड्या वेळाने आपण होऊन सांगितलं, "सतरा."

आणि यातलं काहीही शिल्लक नव्हतं. तिथला नियम असा की रविवारी दुपारचा शेवटचा प्रयोग संपला की संध्याकाळपर्यंत सेट कचऱ्याच्या कंटेनरमध्ये. दोनेकशे घरं बांधली आणि पाडली. पहिला हातोडा स्वतः मारायचे. "का?" म्हटलं. म्हणाले, "दुसऱ्याने मारला की लागतो."

फोटो ठेवले नाहीत. एका स्थानिक वर्तमानपत्राने कधीतरी एका नाटकाला झोडपताना जिना भक्कम वाटतो असं म्हटलं होतं, ते एक कात्रण पाकिटात होतं. नाटक कुठलं ते त्यांना आठवत नव्हतं. जिना आठवत होता.

पाच वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला म्हणून डार्मश्टाटला आले. ती इथल्या औषध कंपनीत होती. दोन वर्षांत तिला हेर्त्सोगेनआउराखला, खेळाच्या बुटांच्या कंपनीत, मोठी जागा मिळाली. ती गेली, काका गेले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट धरून एकटेच राहिले. कारण विचारलं तर म्हणायचे, "हा फ्लॅट माझा पाठ झालाय."

मला हे वाक्य फार आवडलं. मी ते चारचौघांत वापरायचो. कलावंताचं आपल्या जागेशी असलेलं नातं वगैरे. त्याचा सरळ अर्थ घ्यावा, हे मला सुचलं नाही.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती नाटकामुळे. गणपतीच्या कार्यक्रमात मंडळाचं दोन अंकी कौटुंबिक नाटक होतं, दिग्दर्शन माझ्या बायकोचं. तिने मला कुठलीही भूमिका दिली नाही. आमच्या संसारासाठी ते योग्यच होतं. म्हणाली, "तू मशीनवाला आहेस ना, काकांच्या हाताखाली काम कर."

मी मशीनवाला नाही. मी मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करतो. बारा वर्षं. लोकांना वाटतं, दार आपोआप लागतं. त्यामागे माझ्यासारखे अकरा जण आहेत, आणि दार लागताना जो मऊ, श्रीमंत आवाज येतो, तो निम्मा माझा आहे. हे मी काकांना पहिल्या भेटीत, जरा सविस्तर, सांगितलं. तेव्हापासून त्यांनी माझं नाव बिजागरी ठेवलं. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

तर सेटसाठी मी एक दार केलं. तीन आठवडे कॉम्प्युटरवर, दोन शनिवार तळघरात. ते दार बोटाने ढकललं तरी जायचं आणि लागताना उसासाही टाकायचं नाही. काका समोर उभे राहिले. उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, लावलं.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"लागलं की!" मी अभिमानाने म्हणालो.

"मला कसं कळणार?"

"म्हणजे?"

"बिजागरी, सुनेचं सासऱ्याशी भांडण होतं आणि ती घर सोडून जाते. ती गेली हे शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला कळायला नको? गेलेलं माणूस ऐकू आलं पाहिजे. दार बिघडव."

मी बारा वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर ते दार बिघडवायचा प्रयत्न केला. जमेना. शेवटी काकांनीच बिजागरीचा एक स्क्रू सैल केला, चौकटीला आतून फळीचा तुकडा ठोकला आणि दार आपटलं. तळघरातली सायकल पडली. "आता गेली," ते म्हणाले.

त्यांच्या बाकीच्या सवयीही मी अशाच भक्तिभावाने गोळा केल्या. जिन्याच्या पायऱ्या पुटपुटत मोजायचे. कुठल्याही खोलीत शिरताना दारात क्षणभर थांबायचे, मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवायचे आणि म्हणायचे, "एक भिंत जास्त आहे," कारण स्टेजवरच्या घराला तीनच असतात. मी जवळ गेलो आणि बोललो नाही तर दचकायचे, "आधी बोल, मग ये," असा नियमच होता. बर्फातसुद्धा पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट. मुलगी कंपनीतले जाड सोलचे, उशीसारखे बूट दर वाढदिवसाला पाठवायची. ते काका न घालता मला द्यायचे. आमच्या पायांचं माप एक निघालं. मी तीन जोड घातले.

आणि चिकटपट्टी. खिशात कायम. नाटकवाले सामानाची जागा चुकू नये म्हणून जमिनीवर खुणा करतात. काका जिथे जातील तिथे करायचे. दर गुरुवारी आमच्याकडे जेवायला यायचे. पहिल्याच गुरुवारी त्यांनी आमचं टेबल वीतभर सरकवलं, पायांपाशी पिवळे काटकोन चिकटवले, दारापासून खुर्चीपर्यंत एक पट्टी ओढली आणि म्हणाले, "हलवू नका." पुढच्या गुरुवारपासून ते दारातून सरळ खुर्चीवर, खाली न बघता. बायको म्हणाली, "किती सराईतपणे वावरतात ना!" मी म्हणालो, "चाळीस वर्षांचा रियाज."

मी इंजिनिअर आहे. समोर एवढा पुरावा असताना निष्कर्ष न काढायला वेगळं कौशल्य लागतं. ते माझ्याकडे आहे.

नाटकाच्या दोन आठवडे आधी, गुरुवारीच, काका आमटी ओरपत म्हणाले, "मुलगी येतेय प्रयोगाला. परीक्षक म्हणून."

"वा! कसली परीक्षा?"

"माझी. मागच्या महिन्यात ट्रामच्या थांब्यावर कुणीतरी आडवी टाकून गेलेल्या ई-स्कूटरला अडखळून पडलो, ते तिला कळलं. आता म्हणते, नाटकात एकदा जरी धडपडलास तर फ्लॅट सोडायचा आणि सरळ तिच्याकडे राहायचं."

"मग सेट लावायचं काम आम्ही करतो ना. तुम्ही बसा."

"बसलो तरी हरलोच," ते म्हणाले आणि भात मागितला.

दोन अंकांच्या मध्ये चाळीस सेकंदांचा काळोख होता. नाटकात दहा वर्षं जायची, म्हणून सामान बदलायचं: सोफा बाहेर, टेबल आत, आरामखुर्ची डावीकडे. हे दोघांनी करायचं, काकांनी आणि मी. तालमीत काळोख झाला की मी चाचपडायचो, काका मात्र पळायचे. खरोखर पळायचे. त्यांच्या पट्ट्या काळोखात मंद चमकणाऱ्या होत्या. एकदा धापा टाकत मी म्हणालो, "काका, तुम्हाला अंधारात दिसतं की काय!" ते म्हणाले, "अंधारात सगळे सारखे."

प्रयोग शनिवारी दुपारी तीन वाजता, गावाबाहेरच्या ब्युर्गरहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सभागृहात. सकाळी तिथल्या हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्याने, किल्ली देताना माझ्या हातात चार पानी हाउसओर्डनुंग, म्हणजे नियमावली, ठेवली. मंडळाच्या वतीने सही माझी. आमच्यात ती चार पानं वाचणारा मी एकटाच. तिसऱ्या पानावर होतं की जमिनीवर काहीही चिकटवू नये.

"स्टेजवर थोड्या पट्ट्या आहेत," मी चाचरत म्हणालो.

"आल्झो, कार्यक्रम झाल्यावर काढा," तो म्हणाला. "परत देताना सगळं बेझनराइन, झाडून लख्ख."

झाल्यावर. त्याने शब्द स्पष्ट उच्चारला होता. पण झाल्यावर घाई होते, हा माझा अनुभव. शिवाय तालमी संपल्या होत्या, पहिल्या अंकाचं सामान जागेवर होतं, आणि दुसऱ्या अंकाची सगळी मापं माझ्या मोबाइलमध्ये मिलिमीटरमध्ये होती. दुपारी सगळे जेवायला गेले. काकांना मुलगी घेऊन गेली. मी मागे राहिलो आणि बायकोच्या हेअर ड्रायरने एकेक पट्टी ऊब देऊन सोलली. डाग राहू नये म्हणून संत्र्याचं तेल लावलं. पुढच्या कडेची लांब पट्टीही सोडली नाही. प्रत्येक पट्टीखाली सुतळीचा बारीक तुकडा निघत होता. मला वाटलं, घाईत कचरा राहिला असेल. तोही गोळा केला.

पहिला अंक उत्तम झाला. सून दार आपटून गेली तेव्हा शेवटच्या रांगेतली म्हातारीच काय, कँटीनमधला हाउसमाइस्टरही बाहेर आला. मग काळोख.

मी सोफा ओढला. टेबल लावलं. मोबाइल खिशात असून त्याचा काळोखात काही उपयोग नाही, हे तेव्हा लक्षात आलं. डावीकडे काकांची पावलं ऐकू आली: तीन भरभर, मग एक, मग एकही नाही. "काका?" मी कुजबुजलो. चाळीस सेकंद संपले. मी विंगेत उडी मारली आणि दिवे आले.

रंगमंचाच्या मधोमध, प्रेक्षकांकडे तोंड करून आरामखुर्ची. तिच्यावर काका. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाठ ताठ, कॅनव्हासचे बूट जुळवलेले.

दुसऱ्या अंकाचं पहिलं वाक्य मुलाचं होतं. तो आत आला, थबकला, पण पाठांतर पक्कं असल्यामुळे बोलून गेला: "बाबा गेल्यापासून दहा वर्षांत या खोलीत कुणी पाऊलही टाकलेलं नाही."

सभागृह कोसळलं.

विंगेत बायकोने माझा दंड धरला. "ते तिथे काय करतायत?"

"बसलेत."

"ते मलाही दिसतंय! उठत का नाहीत?"

"माहीत नाही."

ते उठले नाहीत. पंचवीस मिनिटं. भिंतीवर दिवंगत वडिलांचा हार घातलेला फोटो होताच. पाचव्या मिनिटाला प्रेक्षकांनी ठरवून टाकलं की हेच ते. इस्टेटीच्या वाटणीची चर्चा काकांच्या डोक्यावरून चालली आणि काका निर्विकारपणे समोर बघत राहिले. परत आलेली सून चहाचा ट्रे घेऊन आली, तिला काय वाटलं कोण जाणे, तिने एक कप त्यांच्यासमोर धरला. "बाबा, चहा?"

"साखर कमी," काका म्हणाले.

टाळ्या थांबायला वेळ लागला. तिसऱ्या रांगेत एकच बाई हसत नव्हती. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

शेवटी सगळे नमस्काराला आले तेव्हा सुनेने काकांचा हात धरून त्यांना उठवलं आणि तसाच धरून विंगेत आणलं. ते मला म्हणाले, "बिजागरी, पट्ट्या कुठे गेल्या?"

"काढल्या. हाउसओर्डनुंगमध्ये..."

"पुढच्या कडेची?"

"तीही."

"सुतळी?"

"तीही."

"गोंद राहिला का?"

"नाही. संत्र्याचं तेल लावलं."

"काम स्वच्छ आहे," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून: "काचबिंदू आहे. बाजूचं सगळं गेलंय, समोर बशीएवढं उरलंय. स्टेजची कमान अरुंद होत चाललीय, एवढंच. पण पायाला सुतळी लागते. आज काही लागेना. स्टेज कुठे संपतं ते कळेना. म्हटलं, हललो नाही तर पडणार नाही."

मी त्या वेळी जाड, उशीसारखे, नवे कोरे बूट घालून उभा होतो.

तेवढ्यात त्यांची मुलगी आली. "बाबा, हे काय होतं?"

"शेवटच्या क्षणी बदल."

"तू पंचवीस मिनिटं हलला नाहीस."

"मेलेल्याची भूमिका होती."

ती हसली. हसली, हे मी शपथेवर सांगतो. तिने मला विचारलं, "खरंच आधी ठरलं होतं हे?" 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. परीक्षा संपली होती, काका पास झाले होते, निकालावर फक्त माझी सही हवी होती. पण माझ्या मनात अपराधी भावना दाटली होती, आणि अशा वेळी मी खरं बोलतो. सविस्तर.

"नाही हो, त्यांची काहीच चूक नाही! सगळी माझी. मीच पट्ट्या काढल्या, सुतळीसकट, म्हणून त्यांना कळलं नाही कुठे..."

"कसली सुतळी?" ती म्हणाली.

काकांनी डोळे मिटले.

तिने पुढे काही विचारलं नाही. ती त्यांच्या उजव्या बाजूला गेली, पाण्याची बाटली त्यांच्या खांद्याजवळ धरली आणि गप्प उभी राहिली. बाटली वीतभर अंतरावर होती. काका समोर बघत होते.

"बाबा, पाणी."

काकांनी मान सावकाश वळवली, खोलीत शिरताना वळवायचे तशी, बाटली बशीत येईपर्यंत.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तीन सीझन."

ती त्यांच्या पायांकडे बघत राहिली. मग माझ्या पायांकडे. "हे बूट मी बाबाला पाठवले होते," ती म्हणाली. त्या दिवशी ती मला उद्देशून एवढंच बोलली.

डार्मश्टाटचा फ्लॅट महिन्याभरात सुटला. खोके भरायला मी गेलो होतो. दुसरं तोंड नव्हतं दाखवायला. सामान खाली गेल्यावर जमिनीवर फक्त पट्ट्या उरल्या, पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून शेगडीपर्यंत, शेगडीपासून खिडकीपर्यंत. मी हेअर ड्रायर आणला होता. काका म्हणाले, "थांब." गुडघ्यावर बसले आणि खिडकीपाशी जाणारी पट्टी स्वतः ओढून काढली. मग म्हणाले, "आता तू."

मुलीच्या घरात पट्ट्या लावायचं काम मी मागून घेतलं. ती आधी नाही म्हणाली. मग मी मापांचा आराखडा पाठवला, तेव्हा तिचा फोन आला, "सुतळी किती जाडीची?" दोन शनिवार-रविवार मी हेर्त्सोगेनआउराखला गुडघ्यांवर काढले. दुसऱ्या रविवारी काका आले. जिन्यापाशी थांबले, पुटपुटत वर गेले, खाली आले. खोल्यांतून फिरले. मी सुतळीवरून जाणारी त्यांची पावलं ऐकत होतो.

"शेगडीची पट्टी दोन सेंटिमीटर डावीकडे गेलीय," ते म्हणाले. मोजलं. गेली होती.

मग खुर्चीवर बसले. मान फिरवली. मी वाट बघत होतो, पण भिंतीबद्दल काही बोलले नाहीत. मुलीला विचारलं, "हे पाडायचं कधी?"

"पाडायचं नाहीये, बाबा."

काकांनी हात लांब करून भिंत चाचपली. "मग रंग नीट द्यायला हवा होता," ते म्हणाले.

मी निघालो. "येतो काका," म्हटलं, बाहेर पडलो, दार ओढलं. नवं घर, उत्तम जर्मन दार. बोटाने ओढलं आणि एक उसासाही न टाकता लागलं. पायरी उतरलो तोच आतून आवाज आला:

"बिजागरी? आहेस की गेलास?"

मी परत फिरलो. बेल वाजवली. मुलीने उघडलं. "काही राहिलं का?"

"जरा बाजूला व्हा," मी म्हणालो, दार धरलं आणि अंगातल्या सगळ्या जोरानिशी आपटलं.

समोरच्या घराचा पडदा हलला, एक बाई खिडकीत आली. रविवार होता, दुपारचे अडीच वाजले होते, आणि जर्मनीत अशा वेळी कुणी आवाज करत नाही. मी तिला नमस्कार केला आणि स्टेशनची वाट धरली.